लिंबानं मोजलेलं पानी

आमच्या विजयमालाच्या नाकावर माशी बसत न्हाई. मी तिची थोरली जाऊ, केशरबाई. एका चुलीपुढं बसून आमी दोघींनी इतक्या वर्षांच्या भाकरी थापल्यात, तवा एवढं बोलायचा मला हक्क हाय. भाजी खारट झाली तर ती म्हननार, "मीठ बरोबरच हाय आक्का, भाजीच कमी पडली." अशी बाई. पन बोरखडीत पाटाचं पानी कुनी मोजावं, तर तिनंच, ह्यावर गावाचं कधी दुमत नव्हतं.

आमचं गाव म्हंजी पाटाच्या चारीचं शेवटचं टोक. वरच्या गावांचं भागलं की उरलंसुरलं आमचं. म्हनून गावानं पानी वापर संस्था काढली. दर आवर्तनाला, म्हंजी पाटाला पानी सुटंल त्या दर खेपेला, ठरल्या मापाचं पानी मिळनार, माप भरलं की वरचं दार बंद. ते माप घ्यायला आमच्या शिवेवर चारीत सिमेंटचा एक अरुंद गळा बांधलाय. त्याला फ्लूम म्हनत्यात. गळ्याच्या वरच्या अंगाला भिंतीवर आकड्यांची पट्टी रंगवलीय. पानी पट्टीवर कुठं टेकलं त्यावरून किती वाहतंय ते कळतं. मग ते गळ्यातून जोरात सुटतं आन खाली पांढरं होऊन उसळतं. त्याचा आवाज पार डांबरी रस्त्यापातूर यायचा.

हे सगळं विजयमाला नगरला ट्रेनिंगला जाऊन शिकून आली. आल्यावर मला पिडलं नुसतं. "आक्का, पानी सरळ चालत न्हाई. मधी पळतं, कडंला रेंगाळतं, तळाशी घासतं, भवऱ्यात माघारी फिरतं. अशा पान्याचं माप घ्यायचं म्हंजी पळत्या पोराच्या अंगाचं माप घ्यायचं." मी म्हनलं, "बाई, तव्यावरची भाकर करपली." पन मनातून मला तिचं कौतुक हुतं. सायेब लोक आले की गावातले बापये मागं सरायचे आन ही पुढं होऊन बोलायची.

आता दगडांचं सांगते. बायांचे धुन्याचे लई हाल हुते. फ्लूमच्या खाली पानी इतकं उसळायचं की उभं राहिलं तर पाय सटकायचा, एकदा माझं नवं लुगडं वाहून गेलं ते गेलंच. उन्हाळ्यात चारी कोरडी पडली तवा विजयमालानं श्रमदान काढलं. जुन्या चावडीच्या पायऱ्यांचे मोठे सपाट दगड पडून हुते, ते फ्लूमच्या खाली चारीत आडवे रांगेनं मांडून घेतले. हिवाळ्यात आवर्तन सुटलं आन बघते तर काय, पानी दगडांमधी गुमान पसरलेलं. उसळी न्हाई, शिंतोडा न्हाई, आवाज न्हाई. आमी बाया खुशाल बसून धुनं धुवायला लागलो. त्या दिवशी मी तिला पुरनाची पोळी करून घातली.

आन त्याच आवर्तनाला पानी कमी पडलं.

पट्टीवर बघावं तर पानी रोज ठरल्या खुनेवर. वरचं दार सांभाळनारा पाटकरी कानिफनाथ, पानी खुनेवर आलं की दार तिथंच थांबवायचा, त्यात खोट न्हाई. विजयमाला रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन बघायची. पन खालच्या रानात पानी पोचंना. कांदा ऐन पोसायला आलेला, आन वाफ्यात भेगा. माप भरत आलं, दार बंद व्हायची वेळ आली, तरी निम्मं रान कोरडं. मानसं एकमेकांवर गुरकावायला लागली. फ्लूमपाशी पानी पुरं, रानात अपुरं, म्हंजी मधी कुनीतरी खातंय.

मधी कोन हाय? मधी भामाकाकीची वस्ती हाय.

भामाबाई एकटी बाई. मालक जाऊन पुष्कळ वर्षं झाली, लेक नगरजवळ नागापूरला कंपनीत. चारीला लागून तिची लिंबाची बाग, आन बागेच्या कडंला दगडी विहीर. ती बागच तिचं पोट. सगळ्या शिवारात पाला सुकलेला आन तिच्या विहिरीत पानी काठाला. चारीचा पाझर विहिरीत उतरतो हे शेंबडं पोरबी जानतं. पन मानूस एकदा चिडला की त्याला जानून घ्यायचं नसतं. चारीतून तिनं पाईप पुरलाय, असं आधी कुजबुजत म्हनले, मग मोठ्यानं.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. संस्थेचा चेअरमन श्रीमंत, आमच्या नात्यातला दीर. त्यानं सरळ विजयमालाला इचारलं, "वहिनी, पट्टीचं माप खरं का खोटं, एवढं सांगा. बाकी आमी बघतो."

ती उभी राहिली. "माप खरं हाय. माझं माप खोटं निघालं तर पुन्हा पट्टीला हात लावनार न्हाई."

मी तिच्या पदराला हात घातला, खाली ओढलं. बसली न्हाई.

मग ठरलं. उद्या सकाळी जेसीबी आनायचा, चारी आन विहिरीच्या मधला बांध उकरायचा, पाईप शोधायचा. सापडला की भामाबाईच्या बागेचं पाटाचं पानी कायमचं बंद. भामाकाकी पाराच्या खाली उभी हुती. म्हनाली, "उकरा. पन विहिरीची बांधनी जुनी हाय. बांध उकरला तर ती आत बसंल. पाईप न्हाई सापडला तर माझी विहीर कोन बांधून देनार?"

काकीनं विजयमालाकडं बघितलं. पन हिनं श्रीमंतकडंच तोंड केलेलं हुतं.

सकाळी ती मला म्हनाली, "आक्का, चला. किती पानी चोरीला जातंय त्याचा आकडाच काढते. पाईप सापडल्यावर कुनी सायेब फाटे फोडायला नको." मला जायचं नव्हतं, खरं सांगते. पन तिला एकटीला कसं सोडायचं, म्हनून गेले.

भामाकाकीच्या बांधावर गळालेली लिंबं पडली हुती. तिनं त्यातलीच ओटीत घेतली. चारीचा सरळ तुकडा बघून वर एक काठी रवली, खाली एक. बांबू घालून खोली बघितली, रुंदी बघितली. मग मी वरून लिंबू टाकायचं आन ती खालच्या काठीपाशी मोबाईलवर येळ बघनार. एकदा मधी टाकायचं, एकदा ह्या कडंला, एकदा त्या कडंला, कारन मधलं लिंबू पळतं आन कडंचं गवतात घुटमळतं. वरचं पानी तळापेक्षा जोरात पळतं, म्हनून आलेल्या आकड्यातून थोडं वजा धरायचं. हे सगळं तिनं विहिरीच्या खालच्या अंगाला करून घेतलं. मग विहिरीच्या वरच्या अंगाला, तसंच.

वरचा हिशेब झाला आन ती मोबाईलकडं बघत राहिली.

"काय झालं गं?"

"पुन्हा टाका."

पुन्हा टाकली. लिंबं संपली, मी आनखी येचून आनली. तिचा रंग उतरत चालला हुता. विहिरीच्या वर जेवढं पानी, खालीबी तेवढंच. काकी थेंबबी घेत नव्हती. आन दोन्हीकडचं पानी पट्टीवरल्या मापापेक्षा पुष्कळ कमी.

"म्हंजी चोर आनखी वर हाय," मी म्हनलं. तिनं साडी खोचली आन फ्लूमच्या दिशेनं निघाली. मी तिच्या मागं. तेवढ्यात रस्त्यावर जेसीबीचा आवाज आला.

फ्लूमपाशी तिनं गळ्यात लिंबू टाकलं. ते सुटलं, दगडांपाशी गेलं, अडलं, गरकन फिरून माघारी आलं, आन गळ्याच्या तोंडाशीच गोल गोल फिरत बसलं. ती लिंबाकडं बघत हुती. मग म्हनाली, "आक्का, हितला आवाज कुठं गेला?"

मला काय कळंना. ती पान्यात उतरली, दगडांमागं हात घातला. वाळू आन बारके गोटे ओंजळीनं वर निघाले. दगडांनी पानी तुंबलं, वाळू बसून तळ वर आला, आन तुंबलेलं पानी मागं मागं चढून गळ्यातच बसलं. ट्रेनिंगला त्यांच्याकडनं एक गोष्ट घोकून घेतली हुती, गळ्याखाली उसळी दिसत असंल तरच वरच्या पट्टीवर इश्वास ठेवायचा. उसळी बुडाली की पट्टी फुगीर आकडा दावते. हे तिनं मला भाकरी थापताना कितीदा ऐकवलं असंल. आन तीच रोज येऊन निसती पट्टी बघून जात हुती, उसळीकडं मान वळवली नव्हती, कारन ते दगड तिनंच मांडलेले.

"माझंच," एवढं म्हनाली आन पळत सुटली. ओली साडी, चप्पल चारीत गेलेली.

आमी पोचलो तवा जेसीबीच्या बादलीनं पहिला घास घेतला हुता. बांधाचा तुकडा निघाला, त्यासंगं विहिरीच्या कडंचे दोन दगड आत गेले. त्यांचा पान्यात पडल्याचा आवाज मला आजबी येतो. भामाकाकी विहिरीपाशी खाली बसली हुती, रडत नव्हती, काय नव्हती. बादली पुन्हा वर उचललेली. विजयमाला जाऊन तिच्या खाली उभी राहिली.

डायव्हरनं शिवी दिली. श्रीमंत धावत आला. "वहिनी, बाजूला व्हा. काय चाललंय?"

"माप खोटं हाय."

"काल तर तुमीच म्हनला खरं हाय."

"काल मी खोटं बोलले. जानून न्हाई, पन खोटंच. पाईप न्हाई. चोरी न्हाई. फ्लूमखाली मी दगड मांडले, त्यानं पट्टी बिघडली."

सगळी मानसं चिडली. कुनी म्हनलं, बायकांनी धुनं धुवावं का पानी मोजावं. एकजन म्हनला, भामाबाईनं हिला सकाळी गाठली दिसतीय. ते ऐकून माझं टाळकं फिरलं, मी त्याला त्याच्या आईपासून सुरुवात करून सगळं ऐकवलं. विजयमाला एवढंच म्हनाली, "जेसीबी आनलाच हाय. तो फ्लूमपाशी न्या. वरच्या दाराला कुनी हात लावू नका. पट्टीवर नजर ठेवा."

गेले सगळे. जेसीबीनं एक एक दगड उचलून काठावर टाकला, वाळू ओढून काढली. शेवटचा दगड निघाला आन गळ्याखालचं पानी एकदम खाली बसलं, मग पांढरं होऊन उसळलं. तो जुना आवाज आला. वर पट्टीवरलं पानी सगळ्यांच्या डोळ्यादेखत उतरलं, चांगलं वीतभर, दार जिथल्या तिथं असताना. कुनाला काय इचारायचं राहिलं न्हाई. श्रीमंतनं टोपी काढून डोकं खाजवलं आन कानिफनाथला फोन लावला, दार आनखी उघड म्हनून. राहिलेलं पानी सायबांनी मोजनी करून नंतर मंजूर केलं. थोडा कांदा गेला, बाकीचा तगला.

विहीर गावानं बांधून दिली. विजयमालानं त्यात दगड वाहिले, हाताची साल निघाली तरी त्या दगडांना दुसऱ्या कुनाला हात लावू दिला न्हाई. मग पारावर येऊन म्हनाली, "बोलल्यापरमानं मी पट्टी सोडते."

भामाकाकी तिथंच बसली हुती. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. "सोडायची न्हाई. हिलाच मोजू द्या. पन माझ्यासमोर."

तवापासून आवर्तन सुटलं की भामाकाकी सकाळीच फ्लूमवर येऊन बसते, पदरात घरची लिंबं घेऊन. विजयमाला आधी उसळी बघते, मग पट्टी, मग काकी चारीत लिंबू टाकते आन ती मोजते. मी काठावर धुनं घेऊन उभी, दगड गेल्यापास्नं पुन्हा माझे पाय सटकायला लागलेत. माप जुळतं. दर खेपेला जुळतं. विजयमाला आकडा सांगते आन काकीच्या तोंडाकडं बघते. एखाद दिवशी ती ‘बरं’ म्हनंल, म्हनून बघते.

काकी पदरातून दुसरं लिंबू काढते. "पुन्हा मोज," म्हनते.

आन आमची विजयमाला, जिनं भाजीतलं मीठ कधी कबूल केलं न्हाई, ती मुकाट्यानं खालच्या काठीपाशी जाऊन उभी राहते.