दामूला न्यायला गेलो तेव्हा

नाशिकहून पेठला जाणारी काळीपिवळी जीप माणसं कोंबल्याशिवाय हलत नाही. ड्रायव्हरशेजारी बॅग मांडीवर घेऊन बसलो, तेव्हा मुंबईहून आणलेला सगळा रुबाब उतरला होता. मी निघालो होतो दामूला आणायला. मोठा कार्यक्रम चालून आला होता, पण आयोजकांनी स्वच्छ सांगितलं होतं, जोडी असेल तरच.

जोडी जमली नव्वदच्या सुमारास, नाशिकच्या कॉलेजात. पहिला कार्यक्रम देवळाली कॅम्पात, जवानांच्या कुटुंबांपुढे, उसन्या कीबोर्डवर. सूर दामूचे, मशीनचा ताल माझा. मग कॅसेटी निघाल्या, पुढे मुंबई, चित्रपटांचं पार्श्वसंगीत, एक परदेश दौरासुद्धा. चित्रपटात सूर घड्याळावर कापतात. दामूचा तिथे जीव गुदमरायचा. एकदा लग्नसराईला म्हणून पेठकडे आपल्या गावी गेला आणि परत आलाच नाही. त्यालाही काही वर्षं झाली होती.

सावळघाटात इंजिन तापलं. बॉनेट उघडून ड्रायव्हर सावलीला बसला.

"कुणाकडं जायाचं, पाव्हणं?"

"दामूकडे. कीबोर्ड वाजवतो."

"दामू मास्तर व्हय! आज पुढच्या पाड्यावर लगीन हाय, तठंच असंल. लय भारी वाजवतो."

मुंबईत आम्हाला शेजारीही ओळखत नसत.

पाड्यावर जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव होता. पिकअपवर दोन कर्णे, मध्ये दामू. पोट सुटलेलं, हसू तेच. कीबोर्डमधून पावरीचा (भोपळ्याचं फुंकवाद्य) आवाज निघत होता. हा आवाज आम्ही त्याच्या मामाची पावरी टेप करून दुसऱ्या कॅसेटसाठी बनवला होता. ती कॅसेट कुत्र्यानेही विचारली नाही. इथे त्याच आवाजावर सबंध पाडा एकमेकांच्या कमरेत हात घालून गोल फिरत होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर हेवा वाटला.

आधी त्याने मला जेवायला बसवलं. नागलीची भाकरी आणि भुजं (भाजलेल्या उडदाची घट्ट आमटी). हात धुऊन मी पिकअपवर चढलो, तसा तो उठला.

"तू वाजव. मी दोन घास खाऊन येतो. गोल तुटू देऊ नको."

मी सवयीने मशीनचा ताल लावला आणि मान खाली घालून वाजवू लागलो. पुढच्या माणसाने घुंगुरकाठी आपटली की गोल उलटा फिरतो आणि चाल मंदावते. माझा ताल कुठला मंदावणार? पायात पाय अडकले, हशा झाला आणि गोल तुटला.

"पाव्हणं," एक म्हातारी ओरडली, "जरा आमच्याकडं बघा की! खालीच काय बघता?"

दामू उष्ट्या हातानेच धावत आला. माझा ताल बंद करून डाव्या हाताने सूर धरला, नजर नाचणाऱ्यांच्या पायांवर. गोल पुन्हा जुळला. या माणसाला मी पुन्हा घड्याळासमोर बसवणार होतो. माझा धीर खचला.

"बोल, कशासाठी आलास?" नाच थांबल्यावर त्याने विचारलं.

"सहज. तुला बघावंसं वाटलं."

"एवढ्या उन्हात?"

"हो."

त्याने कीबोर्डवर फडकं टाकलं. मला मात्र आपण फार मोठं मन दाखवल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी तो जीपपर्यंत सोडायला आला. आंब्यांची पिशवी खिडकीतून आत दिली. मुंबईतल्या स्टुडिओची चौकशी केली, जुन्या कीबोर्डची केली. जीप सुरू झाली तरी खिडकीवरचा हात काढला नाही.

"मला वाटलं," तो म्हणाला, "तू न्यायला आलास."

मी तोंड उघडलं तोवर जीप हलली होती. मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं, "मास्तर, चला की!" घाट उतरेपर्यंत 'थांबवा' हा शब्द माझ्या जिभेवर होता. बाहेर उघडे डोंगर, वाळलेले साग. मला त्यातलं काहीच धड दिसत नव्हतं.

नाशिकला उतरून आयोजकांना फोन केला. जोडी होणार नाही म्हणालो.

"का? दामू तयार झाला नाही?"

"तयार होता," मी म्हणालो आणि फोन ठेवला.