अण्णांनी न केलेली सही

श्री. विष्णुपंत नेवरेकर, म्हणजे आपल्या सर्वांचे अण्णा, यांची आणि माझी ओळख झाली ती इंग्रजीमुळे. अण्णा मुलांच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक आणि रत्नागिरीतल्या आपल्या नाट्यमंडळाचे चिटणीस. सरकार कलासंस्थांना अनुदान देणार अशी बातमी आली होती आणि अर्ज इंग्रजीतून करायचा होता. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, मुलींच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली. माझ्या इंग्रजीचा आणि जिभेचा गावात सारखाच दरारा होता. अण्णा पायरीशीच उभे राहून बोलू लागले, तेव्हा मीच त्यांना दटावून ओटीवर बसवले.

‘आमची संस्था अत्यंत गरीब असून...’ अशी मी झोकात सुरुवात केली. अण्णांनी हात वर केला.

“बाई, गरीब नका लिहू.”

“मग काय, श्रीमंत लिहू?”

“काय करतो ते लिहा. गरीब म्हटलं की भीक घालतात. काम सांगितलं तर विचार तरी करतील.”

आयुष्यभर इतरांचे निबंध तपासलेल्या मला कोणी असे तपासल्याचे आठवत नव्हते. मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला.

अनुदान मंजूर झाले. अर्धे लगेच, उरलेले काम पाहून. लगेच कार्यकारिणीला महोत्सवाची स्वप्ने पडू लागली. मुंबईची कंपनी आणावी, पाहुणे बोलवावेत, फोटो काढावेत! अध्यक्ष रावसाहेबांनी तर नवा कोटही शिवायला टाकला होता म्हणतात. अण्णा एवढेच म्हणाले, “मांडव उठला की खाली खळगे उरतात, रावसाहेब. आपण खांब रोवूया.” त्यांनी नाट्यगृहाचे काम काढले. आणि त्यात सर्वांत आधी काय बांधले? रंगमंच नव्हे; बायकांना रंगायला एक खोली, आतून कडी असलेली. तोवर आमच्याकडे सीता मिशा काढून यायची. ती खोली झाली म्हणून माझ्या दोन माजी विद्यार्थिनी रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांना लोकांनी टोमणे मारले, तेव्हा अण्णा आणि वहिनी दोघे मिळून तालमीनंतर त्यांना घरापर्यंत सोडायला जात. टोमणे मारणारे कोण, हे मला ठाऊक आहे. त्यांचेही लेख अण्णांच्या या गौरवग्रंथात असतील.

आता मुख्य प्रसंग. तो इतर कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

चैत्र-वैशाखात आपल्याकडे नाटक होत नाही. नट आंब्याच्या बागेत आणि प्रेक्षकही बागेत. म्हणून त्या दोन महिन्यांसाठी अण्णांनी नाट्यगृह आंब्याचे व्यापारी इसाकभाई यांना भाड्याने दिले. तिथे आंबा पिकवायला पेंढ्यात आढी लागायची, पेट्या भरायच्या आणि आगबोटीने मुंबईला जायच्या. त्या भाड्यावर वर्षभर दिवाबत्ती, तबलजी आणि राखणदार चालत. कोणापुढे वर्गणीसाठी तोंड वेंगाडावे लागत नसे.

नेमके त्याच दिवसांत पाहणीसाठी सरकारी अधिकारी येत असल्याचे कळले. छपराची एक बाजू कौलांनी शाकारलेली, दुसरी उघडी. अनुदानाचा उरलेला भाग आला नाही तर ती पावसाळ्यात तशीच राहणार. रावसाहेबांची तारांबळ उडाली. “पेट्या दिसता कामा नयेत!” इसाकभाई म्हणाले, “रावसाहेब, हापूस आहे, चोरीचा माल नाही.” पण ऐकतो कोण? अण्णा शाळेत असताना मंडळींनी त्यांनीच रंगवलेला राजवाड्याचा पडदा सोडला आणि सगळी आढी राजवाड्यामागे गेली.

एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. वैशाखात रत्नागिरीकराला आंब्याचा वास येत नाही. आपण त्यातच उठतो, त्यातच निजतो. साहेब मात्र देशावरचे होते. ते उंबऱ्यातच थांबले.

“कसला वास येतोय?”

“उदबत्तीचा,” रावसाहेब म्हणाले. “कलेची पूजा चालते इथं.”

शाळेतून धावतपळत आलेले अण्णा पुढे गेले आणि त्यांनी पडदा वर ओढला. पिवळ्याधमक आंब्यांची रास सर्वांसमोर आली.

“अनुदान नाट्यगृहाला दिलंय, वखारीला नाही,” साहेब कडाडले.

“दोन महिने वखार आहे साहेब, म्हणून दहा महिने नाटक आहे. तुमचे पैसे एकदा येतील. आंबा दरवर्षी मोहरतो.”

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी आवाज उतरवला. या जागेचा दुसरा कोणताही उपयोग करणार नाही, अशा हमीवर चिटणीसांनी सही करावी, मग पैसे मिळतील.

“करा हो सही!” रावसाहेब कुजबुजले. “पुढच्या वर्षी बघून घेऊ.”

“म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा राजवाडा सोडायचा?” अण्णा म्हणाले. त्या छपरासाठी त्यांनी काय काय सोसले होते, हे मला ठाऊक होते. पण त्यांनी सही केली नाही.

पैसे आले नाहीत. सभेत अण्णांना काढण्याचा ठराव आला, तो एका मताने पडला. उघड्या बाजूवर माडाच्या झावळ्यांचे झापे पडले, पावसाळ्यात तिथे बसणारे छत्री उघडून नाटक पाहत आणि मागचे त्यांना शिव्या देत. पुढच्या दोन हंगामांच्या भाड्यातून ती बाजूही कौलारू झाली. त्यानंतर आपले नाट्यगृह एकही वर्ष बंद राहिलेले नाही.

अण्णा आता साठ वर्षांचे झाले. त्यांचा सत्कार होतो आहे, याचा आनंद मला इतरांपेक्षा अधिकच आहे. पण सत्काराच्या दिवशी मोठ्या अनुदानाची घोषणा व्हायची आहे, असे कानावर आले आहे. त्याच्या हमीचा कागद मी मागवून वाचला. इंग्रजी उत्तम आहे. अट तीच आहे. अण्णांचे नाव चिटणीस म्हणून खाली टंकलेलेही आहे. सत्काराच्या भरात माणूस नाही म्हणत नाही, असा मंडळींचा हिशेब दिसतो.

अनुदान जरूर घ्यावे. मीच अर्ज लिहिलेला आहे आणि पुन्हा लिहीन. परंतु वर्षाचे पोट भरणारी वाट बंद करून मिळणारे पैसे मदत नव्हेत, तो निरोप समारंभ असतो.

अण्णांना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे बरे राहोत आणि पडदे रंगवायला शिडीवर चढण्याची त्यांची खोड सुटो. वहिनींना त्यांच्या घरी असण्याचा थोडा लाभ होवो. आणि शाल अंगावर पडल्यावर कोणी कागद पुढे केला, तर अण्णांनी आधी शांतपणे चष्मा मागावा. मी पहिल्याच रांगेत बसणार आहे.