बारा नसा आणि माझा हलका हात

सरकारी दवाखान्यात जन्म काढलेल्या डॉक्टरला किस्से गोळा करावे लागत नाहीत. औषधं संपतात, किस्से तेवढे साठत जातात! सी. पी. अँड बेरार सरकारनं मला चिखलीपलीकडच्या एका बाजाराच्या गावी टाकलं, तेव्हा मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या मला तोंडपाठ होत्या. परीक्षेत पैकीच्या पैकी! पुढं त्याच नसांनी माझी फजिती केली. तुम्ही विचारता म्हणून सांगतो, नाहीतर यातले निम्मे किस्से सांगायला मला तोंड नाही.

*

एका नवरदेवाचं लग्न चार दिवसांवर आलेलं, आणि सकाळी उठला तो तोंड वाकडं. तोंडावरून वारं गेलं म्हणून घरात रडारड. मी म्हणालो, "चेहऱ्याची नस सुजली आहे. महिन्या-दीड महिन्यात सरळ होईल, खुशाल लग्न करा."

गप्प बसला की तोंड जेमतेम सरळ दिसायचं, हसला की सगळं एका बाजूला! त्याच्या मामानं मांडवाच्या दारात उभं राहून एकेकाला दम भरला, "लगन लागेस्तोवर नवरदेवाले कोनी हसवू नोका बे!"

तोंड खरंच सरळ झालं. नवरा-बायको पेढे घेऊन आले तेव्हा नवरी म्हणाली, "मले तं वाटलं, घमेंडी मानूस नशिबात आला!"

*

त्या यशानं मी शेफारलो. मग आली सखूबाई, कापसाच्या जिनात काम करणारी. तेच वाकडं तोंड, तेच माझं आश्वासन. पण तिचा एक डोळा मिटत नव्हता आणि त्यावर पट्टी बांधायची हे सांगायला मी विसरलो. बाजाराचा दिवस होता, बाहेर गर्दी होती, बाकी काही कारण नाही.

दोन महिन्यांनी आली तेव्हा तोंड सरळ, पण जिनातल्या धुळीनं बुबुळावर पांढरं फूल पडलेलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "सारे म्हनतात तोंड सरळ झालं. मी एका डोयानं पाह्यलं साहेब, झालं खरं!"

*

गावच्या कोतवालाला हिवताप आला. मी क्विनाइनचा मारा केला. ताप उतरला, पण कानाच्या नसेवर त्या औषधाचा असर होऊन कानात घूंऽऽ सुरू झालं आणि ऐकू येईना.

त्यात देवीच्या लशीची दवंडी त्याच्याच गळ्यात. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून गडी जीव तोडून ओरडला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावचेही लोक लस टोचून घ्यायला हजर! औषध थांबवल्यावर कान उघडले, हे माझं नशीब.

*

तुपाचे व्यापारी शेठजी बैलांच्या दमणीतून डोक्यावर पडले आणि त्यांची वासाची नस कायमची गेली. सगळा धंदा नाकावर! मग शेठाणी पडद्याआड बसायला लागल्या. शेठजी ऐटीत तूप हुंगायचे आणि त्या आतून वास घेऊन खूण करायच्या. एकदा खोकल्या तर माल चांगला, दोनदा खोकल्या तर खराब.

एका हिवाळ्यात शेठाणींना खरोखरचा खोकला झाला. त्या आठवड्यात शेठजींनी गावभरचं चांगलं तूप परत पाठवलं!

मीही पोट धरून हसलो. पण सुरुवातीला त्यांनी मला विचारलं होतं, "वास वापस येईन नं डाक्टरसाहेब?" आणि मी बेधडक "येईल" म्हणून मोकळा झालो होतो. ते माझ्या भरवशावर दोन वर्षं वाट पाहत राहिले.

*

आणि गफूरचाचा. बाजारात बायांना बांगड्या भरायचे. उजव्या गालात अशी कळ यायची, की बाईचा हात हातात धरून ते तसेच थिजायचे. बाया बिचाऱ्या हलायच्या नाहीत. वारा लागला की कळ, घास चावला की कळ. दाढी एकाच बाजूची करायचे.

दात काढण्यात माझा हात हलका, असा पंचक्रोशीत लौकिक. मी एक दाढ काढली. महिनाभर कळ थांबली. मला वाटलं, मीच थांबवली! पुन्हा आले, दुसरी काढली. असे दीड वर्षात सात दात काढले. बधिर करायचं औषध कधी असायचं, कधी नसायचं. चाचा दर वेळी कपाळाचा घाम पुसून म्हणायचे, "शुक्रिया डाक्टरसाब."

मग बुलढाण्याहून सिव्हिल सर्जन इन्स्पेक्शनला आले. त्यांनी चाचांच्या गालाला नुसतं बोट लावलं, चाचा कळवळले. साहेब मला म्हणाले, "अहो, ही पाचवी नस! दातांचा काय संबंध? नागपूरला पाठवा, सुई देऊन नस बधिर करतात."

पाचवी नस. परीक्षेत मी तिच्यावर दोन पानं लिहिली होती!

साहेब गेल्यावर मी चाचांना बसवून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. सातही दात चांगले होते, चूक माझी होती. मान वर करायची हिंमत होत नव्हती.

चाचा म्हणाले, "मले तं तिसऱ्या दातालेच समजलं होतं, का दुखनं दातात नाही."

"मग चाचा, बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्या औषधांच्या रिकाम्या कपाटाकडं पाहिलं. म्हणाले, "तुमच्यापाशी दुसरं काय होतं डाक्टरसाब?"