मास्तरांचा हर्निया

मास्तरांना हर्निया कधीच झाला नव्हता. पण गल्लीत कुणालाही विचारा, मास्तरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं हे तो छातीठोकपणे सांगेल. सांगणारच, खुद्द मास्तरांनीच दुकानात बसून ते चारचौघांना ऐकवलं होतं. खरी काढली होती ती प्रोस्टेटची ग्रंथी, अख्खी, आतल्या कॅन्सरसकट. पण मास्तरांचा हिशेब वेगळा होता. हर्निया कसा अब्रूदार आजार! जड उचललं, झाला. माणूस कष्टाळू ठरतो. आणि प्रोस्टेट म्हटलं की समोरच्याची नजर आधी कुठे जाते, हे चाळीस वर्षं पुरुषांच्या पँटी शिवणाऱ्याला कुणी शिकवायला नको.

हो, फक्त पँटी. कुणी शर्टाचं कापड आणलं की मास्तर ते दोन बोटांनी परत सरकवत. आणि पँटीला पुढे बटणंच. "चेन बॅगेला लावतात," असं म्हणून त्यांनी कित्येक गिऱ्हाइकं घालवली होती. माप घेताना तोंडाचा पट्टा चालूच. "पोट आत ओढू नका साहेब, घरी गेल्यावर ते परत बाहेर येणारच आहे." अशा माणसाला स्वतः पलंगावर आडवं पडून, पँट उतरवून, "सैल सोडा काका, घाबरू नका," हे ऐकायची वेळ आली. आणि सांगणारी कोण, तर लेकीच्या वयाची डॉक्टरीण. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात. मास्तरांना जावई नव्हता, म्हणून देवाने ही सोय केली असावी.

बाई मात्र कामाची पक्की. ऑपरेशन चोख झालं. घरी सोडताना म्हणाल्या, "काका, गाठ ग्रंथीच्या आतच होती, बाहेर पसरली नव्हती. नशीबवान आहात. भाऊ आहे का सख्खा?"

"आहे. धाकटा. चोपन्नचा."

"मग त्यांची रक्ताची तपासणी याच महिन्यात करा. सख्ख्या भावाला धोका जास्त असतो. वडील कशाने गेले?"

"कंबरेने," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर 'भाऊ' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. रिक्षात बसल्यावर मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. कंबरेने कुणी मरत नाही. बाबा शेवटचं वर्षभर मशीनच्या स्टुलाला शिव्या घालत होते आणि सगळं घर त्यांना तेल चोळत होतं.

लघवीची नळी दहा दिवसांनी निघाली आणि खरी गंमत सुरू झाली. शिंकलं की थेंब, खोकलं की थेंब, खुर्चीवरून उठलं की दोन थेंब. बाईंनी व्यायाम दिला होता: लघवी रोखल्यासारखं आवळा, दहा मोजा, सोडा. मास्तर मशीनवर बसून एका शिवणीला आवळत, दुसरीला सोडत. चेहरा असा काही होई की गिऱ्हाईक विचारी, "कापडात काही खोट आहे का मास्तर?"

पॅड आणायला बायको जाई. मास्तरांना त्या पॅडची इतकी लाज, की त्यांनी कारागिरी चालवली. जुना रेनकोट कापून पँटीला आतून अस्तर लावलं. शिवण अशी बेमालूम, की दाखवली असती तर बक्षीस मिळालं असतं. पण दुसऱ्या दिवशी दुकानात चालले तर पावलागणिक खसर खसर. मापाला आलेला माणूस इकडेतिकडे बघत म्हणाला, "मास्तर, उंदीर झालेत वाटतं दुकानात." मास्तर संध्याकाळपर्यंत खुर्चीतून हलले नाहीत.

घरी बायकोने ते अस्तर उसवलं आणि हसून हसून डोळे पुसले. "मी तीस वर्षं दर महिन्याला काढली, मेलं कुणाला पत्ता नाही. तुमचे तीन महिने झाले तर केवढा तमाशा!"

आणि त्या दुसऱ्या बाबतीत तर सामसूमच होती. बाईंनी सांगितलं होतं, वेळ लागेल, कदाचित पूर्वीसारखं होणारही नाही. मास्तरांनी चाचरत बायकोला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "साठी उलटली. आता काय झेंडे लावायचेत?" पण असं म्हणताना तिने त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मास्तरांना फार बरं वाटलं.

राहिला धाकटा. तो ड्रायव्हिंग शिकवायचा. ऑपरेशनपासून रोज सकाळी आपली दोन ब्रेकची गाडी घेऊन हजर. "दादा, तू हात लावू नकोस. हर्नियात जड उचलायचं नसतं." मग दुकानाचं शटर वर, कापडाचे तागे खाली, संध्याकाळी परत शटर खाली. मास्तर त्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत आणि रोज ठरवत, आज सांगू. संध्याकाळी ठरवत, उद्या. महिना उलटून तीन झाले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून धरली होती. आता ती उघडायची कशी हेच कळेना.

एका मंगळवारी धाकट्याने तीन पँटी टेबलावर टाकल्या.

"दादा, ओरडू नकोस. यांची बटणं काढ आणि चेन लाव."

"माझ्या दुकानात?"

"अरे, घाई होते. बटणं सुटेपर्यंत धीर धरवत नाही. थंडीचे दिवस, दुसरं काय!"

थंडी कसली डोंबलाची! पंखा गरागरा फिरत होता. मास्तरांनी एक पँट उचलून तिच्या बटणांवरून बोट फिरवलं. ऑपरेशनच्या आदल्या वर्षी त्यांनीही स्वतःच्या पँटीची बटणं गुपचूप काढली होती आणि काजं फार घट्ट झाली आहेत अशी स्वतःची समजूत घातली होती. चाळीस वर्षं ज्या चेनीला नाकं मुरडली, ती स्वतःला लावून घेतली आणि तरीही अक्कल आली नाही.

"शिकवतानाही होतं का?" मास्तरांनी विचारलं.

धाकटा हसला. "दर पेट्रोल पंपावर गाडी थांबवतो. म्हणतो, हवा चेक करू. माझ्या पोरांना गिअर टाकता येत नाही, पण पंपावर गाडी लावायला कुणी हात धरणार नाही त्यांचा."

"रक्त तपासून घे एकदा."

"मला काय धाड भरलीय? शनिवारी येतो पँटी न्यायला." आणि गेलासुद्धा.

रात्रीच्या जेवणाला बायकोने सगळं ऐकलं आणि पोळीचा तुकडा तसाच ताटात ठेवला.

"प्रत्येकाचा कॅन्सरच असतो असं नाही," मास्तर म्हणाले. "या वयात ग्रंथी वाढतेच. बाईच म्हणाल्या होत्या."

"मग तपासल्यावर कळेल ना. तुमच्या वडिलांनी लपवलं, तुम्ही लपवलंत. आता भावालाही तेल चोळत बसायचंय का मला? शनिवारी तुम्ही सांगा. नाहीतर रविवारी मी सांगते, आणि मी सांगेन ते पॅडच्या पाकिटासकट."

मास्तर जेवणावरून उठले. पण ती खरं बोलत होती आणि त्यांना भीती वाटत होती. नुसती अब्रूची नव्हे, ती होतीच. भीती ही, की तीन महिने उशीर आधीच झाला होता, आणि तो त्यांनी केला होता.

शनिवारी दुकानात गर्दी होती. बाकावर तिघं बसले होते: दोन भाऊ लग्नाच्या पँटींच्या मापाला आणि एक रिटायर हेडमास्तर, ज्यांना सगळे गुरुजी म्हणत. गुरुजी पेपरात डोकं खुपसून होते. धाकटा आला, पँटी तशाच पडलेल्या पाहून वैतागला.

"अजून हातसुद्धा लावला नाहीस?"

"आत ये." मास्तरांनी ट्रायल रूमकडे बोट केलं. रूम म्हणजे कपाटाएवढा कोपरा, एक आरसा, एक स्टूल आणि पुढे पडदा.

"ट्रायल कसली? माझ्या जुन्याच पँटी आहेत."

"आत ये म्हणतो ना गाढवा!"

पडदा ओढला. दोघं नाकाला नाक लावून उभे. मास्तर पाठ केलेलं सगळं विसरले. "मला हर्निया झाला नव्हता," ते म्हणाले.

"मग काय झालं होतं? बाळंत झालास?"

मास्तरांनी पट्टा सोडला आणि पँट खाली सोडली. पोटावरचे व्रण दिसले, खाली जाड पॅड दिसलं. धाकट्याचं हसू तोंडातच राहिलं. तो स्टुलावर बसला.

"प्रोस्टेटचा कॅन्सर होता," मास्तर म्हणाले. आवाज हळू ठेवायचा होता, पण चाळीस वर्षं गिऱ्हाइकांवर ओरडलेला गळा, तो काय ऐकतो! "काढला. गळतंय अजून. आणि दुसरं जे काही असतं, ते बंद आहे. पण मी आहे. मेलो नाही. वेळेत सापडलं म्हणून आहे. बाबा कंबरेने गेले नाहीत रे. मला वाटतं, याच्यानेच गेले. डॉक्टरीण म्हणाली होती, भावाला लगेच पाठवा. मी नाही सांगितलं. लाज वाटली."

"तीन महिने?" धाकटा म्हणाला. "तीन महिने मी तुझं शटर उचलतोय."

"हो."

"आणि तू माझ्याकडे बघत बसलास?"

"हो." मास्तरांचे डोळे भरले. "मार मला हवं तर. पण सोमवारी चल. नुसतं रक्त द्यायचंय. घाबरून आज मेलास तरी चालेल, पण सोमवारी चल."

धाकटा आरशात बघत होता, मग मोठ्या भावाच्या उघड्या, बारीक पायांकडे. बाहेर मात्र नको तितकी शांतता होती. पडदा म्हणजे काही भिंत नव्हे, हे मास्तरांच्या आता ध्यानात आलं. त्यांनी घाईघाईने पँट वर ओढली.

बाहेर पेपर घडी केल्याचा आवाज आला. गुरुजी खाकरले.

"मास्तर," ते म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर मला मिळेल का? मीसुद्धा हल्ली बराच... म्हणजे, रात्री चार-चार वेळा..."

स्टुलावरून धाकटा उठला, त्याने बाहीने नाक पुसलं, पडदा सरकवला आणि बाकाकडे बघून दटावलं,

"गुरुजी, रांग आहे. आधी मी."