शेंदराखालची पेटी

लष्कराने लिलावात काढलेला ट्रक आमच्या खानदेशात एकदम मरत नाही. तो वाटला जातो. आक्सल केळीच्या ट्रॉलीखाली जातो, इंजिन विहिरीवर बसतं, केबिनमध्ये राखणदार झोपतो. म्हणून मी जळगावातून बाहेर पडलो की लोकांच्या तोंडाकडे कमी आणि त्यांच्या ट्रॉल्यांखाली जास्त बघतो. कोणता तुकडा कोणत्या गाडीचा, हे मी चालत्या मोटारसायकलवरून सांगतो. मला हे कुणी शिकवलेलं नाही. भंगारात हात कापून घेत मीच शिकलो.

धुळ्यात माझा एक जुना भागीदार आहे. आम्ही दोघं मिळून जुन्या लष्करी गाड्या पुन्हा उभ्या करायचो, मग भांडून वेगळे झालो. भांडण कशावरून झालं ते सोडा. चूक त्याची होती. पण गेल्या वर्षी तिथल्या भंगार बाजारातल्या चहाच्या टपरीवर, सगळ्या व्यापाऱ्यांसमोर तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, "याना ट्रक म्हणजे जोडतोडना माल शे. असल काहीच नहीं."

लोक हसले. माझा ग्लास फुटला. फेकला म्हणा हवं तर.

राग जास्त यायचं कारण असं, की असोद्याच्या रस्त्यावरच्या माझ्या शेडमध्ये तेव्हा जो ट्रक उभा होता, त्यात एक वस्तू खरोखरच दुसऱ्या गाडीची होती. पुढच्या चाकांना जोर देणारी पेटी. ती मूळची मिळाली नाही तर पुढची चाकं नुसती घरंगळतात, आणि चिखलातून निघणारा लष्करी ट्रक लग्नाच्या वरातीपुरता उरतो. बाकी सगळा ट्रक मी खऱ्या मालाचा केला होता. ती पेटी शोधायची आणि त्याला त्याचे शब्द गिळायला लावायचे, एवढंच डोक्यात होतं.

पेटी सापडली सावद्याकडे. एका केळीच्या बागेत ट्रॉली बघायला गेलो होतो. परतताना बांधावरच्या मारुतीला हात जोडले आणि जोडलेले हात तसेच राहिले. शेंदराचे थर इतके की नाक-डोळे कल्पनेनेच बघायचे. पण एका अंगाला उतरत गेलेली बोल्टांची ओळ शेंदराखालूनही दिसत होती. तसे बोल्ट मारुतीला नसतात.

मागून आवाज आला, "देवाले असं वाकून वाकून पाह्यतात का रे? कोन्या गावचा तू?"

बागेची मालकीण होती, सत्तरीच्या पुढची. मी म्हणालो, "अक्का, हा देव मला ओळखीचा वाटतो."

"वाटंल ना. माह्या सासऱ्यानं ट्रक तोडला तव्हाचा हाये त्यो." मग ती बांधावर टेकली आणि सगळं सांगून टाकलं. शेजारी दर नांगरटीला बांध सरकवायचा. सासऱ्याने खूण म्हणून ती जड पेटी पुरली. शेजाऱ्याने तीही सरकवली. तेव्हा सासऱ्याने तिला शेंदूर फासला. त्या दिवसापासून बांध तसूभर हलला नाही. पुढे माणसं शनिवारी तेल घालायला लागली, शेजारीसुद्धा.

मी किंमत विचारली. चूक झाली.

"देवाचा भाव करतो? नीघ."

मी भडकलो. आयुष्यभर ज्या मालाला भाव नाही तो मी घेतला नाही, असं काहीतरी मोठ्याने बोललो. ती शांतपणे म्हणाली, "वरडू नको. देव जाईन कुठंबी, बांध जायला नको. त्या जागी हलनार नाही असं काही आन."

म्हणजे सौदा होता, फक्त पैशाचा नव्हता. मी ब्रेकचा ड्रम देऊ केला. तिने मान हलवली. मोडकं आक्सल देतो म्हटलं. "त्ये दोघं जन उचलतीन." शेवटी मी माझ्याकरता राखून ठेवलेला अख्खा इंजिन ब्लॉक बोललो, तेव्हा ती "चालंन" म्हणत उठली. इतक्या वर्षांत मला असं कुणी पिळलं नव्हतं. वर आणखी एक अट: गाडी उभी राहिली की बांधाला एक फेरी घालायची, देवाला आपलं शेत दिसलं पाहिजे.

ट्रॅक्टरने ब्लॉक नेला. भटजींनी पूजा सांगितली, जुना शेंदूर सुटून निघाला तो तापीत सोडला. पेटी शेडवर आणून उघडली. वरच्या मोकळ्या भोकातून शनिवारचं तेल वर्षानुवर्षं आत उतरलं होतं. डिंकासारखं घट्ट झालेलं ते डिझेलने धुऊन काढलं, तर खाली एकेक दात कोरा. गंजाचा ठिपका नाही. ओतीव नंबरही माझ्या गाडीशी जुळणारा. इतका जपलेला माल मी कुठल्या गोदामात पाहिला नाही.

पेटी बसवून फेरीच्या दिवशी मी ट्रक बागेत आणला आणि धुळ्याला भागीदाराला निरोप धाडला: नंबर वाचायला ये. तो आला. पण त्याच्या आधी अक्का गाडीपाशी पोचली होती. गाडीखाली हात घालून तिने पेटीला नवा शेंदूर आणि तेल थापलं होतं, नेमकं नंबरावर. तो खाली सरकला आणि बोटं लाल करून बाहेर आला. "नंबर कोठे शे? आते देवले काय इचारू?"

खरवडायची माझी हिंमत नव्हती. अक्का शेजारीच उभी. मी त्याला केबिनमध्ये ओढला आणि ट्रक पाटाच्या चिखलात घातला. मागची चाकं रुतली. मी पेटीचा दांडा टाकला, पुढच्या चाकांनी जमीन धरली आणि ट्रक गुरगुरत वर आला. तो खिडकीबाहेर मान काढून आवाज ऐकत होता. त्याला आवाज कळतो, हे मला कबूल करावं लागेल.

"असल शे," तो म्हणाला.

"इथे नाही. टपरीवर म्हण."

"आठे बोलनू ना! इतलं पुरे."

"शिवी चारचौघांत, आणि पावती केळीच्या बागेत?"

आम्ही बांधाची फेरी संपेपर्यंत घासाघीस केली. मी तीनदा म्हणायला सांगत होतो, तो एकदाही नाही. दोनदावर पटलं. मग मी ट्रक बागेतून काढला तो तसाच धुळ्याला नेला. वाटेत तो उतरतो म्हणाला, मी गाडी थांबवली नाही.

टपरीवर तो पहिल्यांदा पुटपुटला. ते मी दोनांत धरलं नाही.