पाण्यात उतरणारा रस्ता

माझी बहीण प्रेमिला दोन वर्षांपासून शहरातल्या सदर भागात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर अडकून पडली आहे. इमारतीला लिफ्ट नाही. बिल्डरने लिफ्टसाठी खड्डा ठेवला होता, त्यात आता तळमजल्यावाल्याची पाण्याची पिंपं आहेत. फ्लॅट तिच्या मुलाचा, आणि मुलगा पुण्याला. घरात ती आणि तिचे मालक, रुपराव. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून रिटायर झाले, क्वार्टर सोडलं आणि मोठ्या हौसेनं इथं राहायला आले. सहा महिन्यांत प्रेमिलाला अर्धांगवायू झाला. उजवा हात, उजवा पाय गेला. जीभ वाचली, आणि ती पहिल्यापासूनच तिखट होती.

दवाखान्यातून आणलं तेव्हा तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. एक मी होतो. तिला थंडी वाजत होती म्हणून रुपरावांनी गळ्यापर्यंत पांढरी चादर गुंडाळली होती. पहिल्या मजल्यावरची म्हातारी दार उघडून बाहेर आली, आम्हाला पाहिलं, भिंतीला लागून उभी राहिली आणि हात जोडून तिनं विचारलं, "कोण गेलं बापा?"

"मीच गेली वं माय," खुर्चीतून प्रेमिला म्हणाली.

म्हातारीची बोबडी वळली. आम्ही हसलो. प्रेमिला हसली नाही. वर पोचल्यावर पलंगावर टेकताच तिनं मला जवळ बोलावलं.

"भाऊ, आयक. माणसाले दोनदाच उचलतात. एकदा लगनात, एकदा शेवटी. लगनात तू मले उचललं, ते झालं. आता शेवटापावतर कोणी मले उचलाचं नाही."

लग्नातलं तिला बरोबर आठवत होतं. आमच्याकडे नवरीला सासरी पाठवताना भाऊ उचलून रेंगीत, म्हणजे लहान बैलगाडीत, बसवतो. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. मीच बसवलं होतं.

आजारी माणसाचं बोलणं म्हणून मी सोडून दिलं. तिनं सोडलं नाही. पलंगावरून चाकाच्या खुर्चीत, खुर्चीतून पाटावर, पाटावरून पुन्हा पलंगावर, सगळं ती डाव्या हातानं स्वतःच सरकून करायला शिकली. कोणी काखेत हात घातला की चावायला उठायची. खाली मात्र ती उतरली नाही. गॅलरीतून समोर दिसायची दुसऱ्या इमारतीची भिंत आणि काळ्या टाक्या. त्या टाक्या भरून वाहिल्या की ती टक लावून पाहत बसायची. मला तिच्याकडे जायला नको वाटायचं, खरं सांगतो. दिघोरीच्या माझ्या घरून निघताना पाय जड व्हायचे. तिथं गेलं की माझाच जीव कोंडायचा, आणि तिला तर तिथंच राहायचं होतं.

गेल्या उन्हाळ्यात तिनं एकदम फर्मान काढलं. "अजी, मले एकदा पाण्यावर न्या."

रुपरावांना वाटलं, ही तीर्थाचं म्हणते. "रामटेकले जाऊ का?"

"देव नाही म्हणून राहिली मी. पाण्यावर. नावेत. अर्धा घंटा. जिना मी बसून उतरीन, पण पाण्यापाशी मले कोणी उचलाचं नाही."

रुपराव तसे साधे गृहस्थ. आयुष्यभर बॉयलरजवळ उभा राहिलेला माणूस, त्यांना पोहतासुद्धा येत नाही. पण बायकोनं दोन वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं होतं. योगायोगानं त्यांच्या पुतण्याकडे, पियुषकडे, एक बोट पडून होती. पियुषनं जलक्रीडेचा धंदा काढला होता. धंदा बसला आणि बोट उरली. फायबरची, पाच-सहा माणसांची, मागे छोटं पेट्रोलचं इंजिन. कामठी रोडवरच्या शेडमध्ये ती ट्रॉलीवर चढून धूळ खात होती. म्हणजे बोट होती, बोट चालवणारा होता, बसणारी होती. फक्त पाणी शोधायचं होतं. पण घोडं पेंड खात होतं ते तिथंच.

दर रविवारी रुपराव मला घेऊन निघायचे. त्यांच्या डोक्यात हिशेब पक्का होता. खुर्ची ढकलत पाण्यात न्यायची, बैठकीला पाणी लागेपर्यंत. मग बोट खुर्चीच्या बाजूला आणायची, आणि प्रेमिला पलंगावर सरकते तशी बोटीत सरकेल. त्यासाठी काठ उतरता हवा आणि खालची जमीन टणक हवी. हे तपासायला ते तिची जुनी खुर्ची सोबत आणायचे, स्वतः तिच्यात बसायचे आणि मला म्हणायचे, "ढकला, बाबनभाऊ." जावयाला पाण्यात ढकलावं असं पुष्कळ मेहुण्यांना वाटतं. माझी दर रविवारी सोय झाली होती.

फुटाळ्याच्या आणि अंबाझरीच्या तलावाला पायऱ्या, आणि आपली बोट टाकायची सोय नाही. गोरेवाड्याचं पाणी पिण्याचं, तिथं पेट्रोलच्या इंजिनाचं नाव काढताच चौकीदारानं आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही विष घालायला आलो आहोत. पेंचकडे जंगल, वाघ आणि परवानग्या. खिंडसीला धक्का छान होता, बोटीही होत्या. पण धक्का आणि बोट यांच्यात खोल पायरीएवढं अंतर. तिथला माणूस भला होता. म्हणाला, "दोघं जण मावशीले अलगद उचलून ठेवतो ना, दोन मिनिटाचं काम." रुपरावांनी त्याला हात जोडले आणि खुर्चीची घडी घातली.

कन्हानवर त्यांची फार भिस्त होती. खापरखेड्याला असताना तीस वर्षं त्या नदीच्या काठानं सायकल मारलेली. पण खुर्चीची चाकं वाळूत अर्धी गेली, आणि पाणी एवढं उथळ की इंजिनाच्या पंख्यानं वाळूच उपसली असती. रुपरावांना खुर्चीतून काढता काढता माझ्या नाकी नऊ आले. वेणा नदीच्या काठी तर काळी माती. तिथं आम्ही दोघंही रुतलो आणि एका गुराख्यानं आम्हाला काठी धरून बाहेर ओढलं.

"दोन बुढे खुर्ची घेऊन चिखलात काहून उतरून राहिले गा?" तो म्हणाला.

"बायकोले फिरवाचं आहे," रुपराव म्हणाले.

"मंग बायको कोठी आहे?"

रुपराव खुर्चीच्या चाकांचा चिखल काढू लागले. आम्ही स्कूटरवरून घरी परतलो. वर गेल्यावर प्रेमिलानं त्यांच्या चिखलाच्या पँटकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

एका पाण्याचं नाव आम्ही दोघांनीही तोंडातून काढलं नव्हतं. गोसीखुर्दचं. त्या धरणाच्या पाण्याखाली आमचं गाव आहे, कुही तालुक्यातलं हिवरटोली, वैनगंगेच्या काठचं. माझं आणि प्रेमिलाचं घर, आमच्या बापाचं धानाचं शेत, सगळं. गाव उठलं त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही. कोणी विषय काढला तर मी उठून जातो. लोकांच्या बहिणी माहेरी जातात, माझ्या बहिणीला मी काय सांगणार, माहेर किती फूट खाली आहे ते? रुपरावांना हे माहीत होतं म्हणून तेही गप्प होते.

दिवाळीनंतर पियुषचा फोन आला. "काकाजी, कुहीच्या पल्याड एक रस्ता भेटला. सिधा पाण्यात जाते. मासे धरणारे ढिवर लोक तिथूनच डोंगे टाकतात. परवानगीचं मी पाहून घेतलं."

रस्त्याचं नाव त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बोंडं फुटलेल्या पऱ्हाटीच्या शेतांतून पियुषची गाडी जात होती, आणि एका वळणावर मला वळण ओळखीचं वाटलं. मग मैलाचा दगड आला. हिवरटोली, एक किलोमीटर. दगड शाबूत, अक्षरंसुद्धा शाबूत. पुढे तो एक किलोमीटर नव्हता. डांबरी रस्ता सरळ उतरत पाण्यात गेला होता, आणि पाणी पार क्षितिजापर्यंत.

मी गाडीतून उतरलो नाही. रुपराव उतरले. त्यांनी खुर्ची काढली, त्यात बसले आणि माझी वाट न पाहता स्वतःच हातानं चाकं फिरवत पाण्यात गेले. चाकं खाली डांबरावर चालत होती. ना रुतली, ना घसरली. बैठकीला पाणी लागलं तसे ते मागे वळून ओरडले, "बाबनभाऊ, फर्स्टक्लास आहे!" आणि मग माझ्याकडे पाहून त्यांचा चेहरा पडला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण हा कळसा काखेत आहे हे मला नको होतं.

प्रेमिलाला आम्ही जागेचं नाव सांगितलं नाही. ठरल्या दिवशी ती तिसऱ्या मजल्यावरून एकेक पायरी बसत बसत खाली आली. पुढे रुपराव, मागे मी, दोघांचे हात पाठीमागे बांधल्यासारखे. पहिल्या मजल्यावरच्या म्हातारीनं तिला पाणी दिलं. खाली येईपर्यंत तिच्या लुगड्याची मागची बाजू काळी झाली होती आणि डाव्या हाताची साल निघाली होती. गाडीत सरकून बसली आणि म्हणाली, "चला."

मैलाचा दगड आला तेव्हा मी मान खाली घातली. ती अर्ध्या तोंडानं हसली.

"तुले ठाऊक होतं?" मी विचारलं.

"हे डांबर माया लगनाच्या साली पडलं. त्याच्यावरूनच गेली माई रेंगी. या रस्त्याशिवाय कोणता रस्ता मले न उचलता पाण्यात नेईन?"

"मग सांगतलं काहून नाही वं?"

"सांगतलं असतं तं तू आला असता का?"

मी आलो नसतो.

खुर्ची पाण्यात गेली, बोट तिच्या हाताशी आली आणि ती सरकली. एक क्षण अर्धी खुर्चीत, अर्धी बोटीत होती. रुपरावांनी डोळे मिटले. मग ती आत होती, लाइफ जॅकेट घातलेली, नऊवारीवर केशरी रंगाचं. पियुषनं दोरी ओढली, इंजिन धडधडलं आणि आम्ही आमच्या गावाच्या रस्त्यावरून, पण बरंच वरून, गावाकडे निघालो.

पाण्यातून वाळलेल्या झाडांचे शेंडे वर आले होते. ती डाव्या हातानं दाखवत सांगत होती. ही चिंच, म्हणजे खाली शाळा. तो आंबा, म्हणजे डावीकडे आपलं आंगण. मी पाहत नव्हतो. नंतर पाहू लागलो. दोन वर्षांत मी तिचा आवाज एवढा मोठा ऐकला नव्हता.

आंगणाच्या जरा पुढे इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. पंख्यात कोणाचं तरी जुनं जाळं अडकलं होतं. पियुष वाकून कापत होता, तेवढ्यात वाऱ्यानं बोट ढकलली आणि भोवती जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, जमली. हिरवी सतरंजी अंथरावी तशी ती चहूकडून मिटली. वल्हं एकच. मारलं की जलकुंभीत गुंतायचं. रस्ता मागे दिसत होता आणि तिकडे जाता येत नव्हतं. रुपरावांच्या तोंडचं पाणी पळालं. ऊन उतरत आलं तसे आम्ही वाहत वाहत पल्याडच्या एका टेकाडाला लागलो. पियुषनं ड्रायव्हरला फोन करून गाडी तिकडून मागवली. ती शेताच्या बांधापर्यंत आलीही. पण बोट आणि बांध यांच्यामध्ये मांडीभर चिखल होता. खुर्ची रस्त्यावर राहिली होती, आणि असती तरी इथं चालली नसती.

काय करायला हवं ते चौघांनाही दिसत होतं. रुपराव बोटीत तिच्यासमोर बसले.

"प्रेमिला, तू म्हणशील तं आपण रातभर इथंच बसू. सकाळी कोणी डोंगा घेऊन येईन, परत रस्त्यापाशी नेईन. मी आहे."

त्यांनी खरंच बसकण मारली. हा माणूस पाण्याला भितो. तो रात्रभर बसला असता, माझी खात्री आहे.

प्रेमिलानं मागे वळून आंब्याच्या शेंड्याकडे पाहिलं. मग मला म्हणाली, "भाऊ, उतर."

मी चिखलात उतरलो.

"माहेराहून निघाली ना मी आता? मंग भावानंच उचलाचं राहते. उचल."

पियुष पुढे झाला, जवान पोरगा, तिनं त्याला मान हलवून नाही म्हटलं. मी दोन्ही हात तिच्याखाली घातले. लग्नात उचललं तेव्हा ती सोळा-सतराची होती आणि लाथा झाडत रडत होती. आता ती अर्ध्या अंगानं जड आणि अर्ध्या अंगानं हलकी लागली. माझे पाय चिखलात आणखी रुतले. पियुषनं मागून हळूच हात लावला. तिनं तो पाहिला आणि राहू दिला. डावा हात तिनं माझ्या मानेभोवती घातला आणि कानाशी म्हणाली, "हे लगनातल्यातच धर. दुसरं मोजू नोको." मी हो म्हणालो, आणि तिला गाडीत बसवल्यावर बांधावर बसून रडलो. रुपराव दूर उभे राहून उगाच बूट धूत होते.

सदरला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. परतताना रस्त्यावरून घेतलेली खुर्ची जिन्यापाशी थांबली. तीन मजले आमच्यासमोर उभे होते. मघाचा धीर अजून अंगात होता, म्हणून मी हात पुढे केले.

"नोको गा भाऊ," प्रेमिला म्हणाली. "हे काही माहेर नाही. आणि आता तुमच्यापाशी एकच राहिलं. ते आजच कायले संपवता?"

ती खुर्चीतून सरकली, जिन्याकडे पाठ करून पहिल्या पायरीवर बसली आणि डाव्या हातानं दुसरी पायरी चाचपू लागली.