कोपरे खाणारी लेन्स

मूर्खपणा कोण करत नाही हो? पण माझ्या मूर्खपणापायी सुरतेजवळच्या उधन्यातल्या एका मिलचं अख्खं मागखातं तासभर बंद पडलं होतं, आणि मी तर मागाला हातही लावला नव्हता. चहा येतोय तोवर ऐकाच.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी त्या मिलमध्ये टाइमकीपर होतो. कोण आला ते मस्टरवर लिहायचं, आला नाही त्याचा खाडा मांडायचा, एवढंच काम. उरलेला वेळ फोटोग्राफीचा. सुरतेच्या नानपुऱ्यातल्या एका पारशी घरातून मी मोठा लाकडी कॅमेरा आणला होता. पुढेमागे ताणायचा घडीचा भाता, तिवई, काळं फडकं, सगळं शाबूत. लेन्स तेवढी नव्हती. नवरदेव नसलेली वरात म्हणा ना.

मग चौकातल्या जुन्या बाजारात एक पितळी लेन्स मिळाली. तिला शटर नव्हतं. टोपण काढायचं, मनात आकडे मोजायचे, टोपण लावायचं. ही लेन्स माझ्या कॅमेऱ्यात फिल्मऐवजी घालायच्या एवढ्या मोठ्या काचेला पुरेल का, असं मी विकणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, का नाही पुरणार? झालं माझं समाधान. लग्न जुळवतानासुद्धा माणूस याहून जास्त चौकशी करतो.

पहिला प्रयोग बायकोवर केला. तिला जवळ बसवून चेहरा घेतला. फोटोत चेहरा लख्ख आणि चारी कोपरे हळूच सावळे झालेले. जुन्या तैलचित्रासारखं! हिलाही आवडलं. म्हणाली, बरं झालं, कडेचा पसारा दिसत नाही. त्या दिवसापासून मी स्वतःला कलावंत समजायला लागलो.

आणि मग दगाआबा निवृत्त व्हायची वेळ आली.

दगाआबा म्हणजे मागखात्यातले जॉबर, कामगारांचे मुकादम. मूळचे धुळ्याकडचे, घरी आणि खात्यात बोली अहिराणी. सत्तावीस वर्षं नोकरी झाली, पण जन्मात फोटो म्हणून काढलेला नव्हता. गावाकडे कुणाला पटत नव्हतं की मिलचा शेठ यांना नावानं हाक मारतो. तर शेठबरोबरचा एक फोटो घ्यायचा आणि रविवारच्या गाडीनं कायमचं गावी जायचं, एवढीच त्यांची इच्छा. ती पुरवायचं मी छातीठोकपणे कबूल केलं.

मिलच्या अंगणात खुर्च्या मांडल्या. मधोमध शेठ, शेजारी मॅनेजरसाहेब आणि बाकीचे साहेब. कामगार काही मागे उभे, काही पुढे जमिनीवर बसलेले. शेठच्या उजव्या हाताची खुर्ची आबांची. पण शेठच्या बरोबरीनं कसं बसायचं? आबा गळ्यातल्या हारासकट उठले आणि थेट मागच्या रांगेच्या टोकाला जाऊन उभे राहिले. मी दोनदा बोलावलं.

"मी आठेच बरा शे, भाऊ," ते म्हणाले.

तिसऱ्यांदा बोलवायला हवं होतं. पण शेठ घड्याळ बघत होते, आणि मला कलेची घाई.

फडक्यात डोकं घातलं. मागच्या घासलेल्या काचेवर सगळे खाली डोकं वर पाय. कोपरे अंधारे दिसले, पण काच कडेला जरा अंधारी दिसतेच, असं मी स्वतःला समजावलं. टोपण काढलं, चार मोजले, लावलं.

काच धुतली तेव्हा कळलं. जवळचा चेहरा घेताना भाता लांब ताणलेला असतो, म्हणून लेन्सच्या उजेडाचं वर्तुळ मोठं पडतं. लांबच्या जथ्यासाठी भाता आखडला, तसं वर्तुळही आखडलं. चार कोपरे काळे कुळकुळीत. शेठ हसताहेत, साहेब हसताहेत, आणि आबांच्या जागी छातीवरचा झेंडूचा हार. त्याच्या वर नुसता काळोख.

खरं सांगायचं तर मला त्याच वेळी कबूल करायला पाहिजे होतं. मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं की ही जुन्या काळची शैली आहे.

"शेठ तो बराबर आव्या छे ने? बस," ते म्हणाले, आणि फोटो फ्रेम करून कॅन्टीनमध्ये लावला.

दुपारच्या सुट्टीत कुणीतरी हिशेब केला. चार कोपऱ्यांत चार माणसं गेली. चारही कामगार! खुर्चीवरचा एकही साहेब कसा गेला नाही? आबा तर चाललेच, म्हणजे उरलेल्या तिघांनाही काढायचं ठरलंय, आणि टाइमकीपरला आधीच माहीत आहे. सुट्टी संपली तरी माग सुरू झाले नाहीत. मी धावत जाऊन भाता, वर्तुळ, लेन्स समजावू लागलो. जितकं समजावलं तितकी त्यांची खात्री पटत गेली.

तेवढ्यात आबा आले. कॅन्टीनमधली फ्रेम काढून हातात घेतली होती.

"हार मना शे," ते म्हणाले. "पन मी कोठे शे?"

त्यांनी फ्रेम माझ्यापुढे धरली.

"सत्तावीस वरीसमा मना एक खाडा नही, भाऊ. आन् शेवटना दिन तुम्हीच मना खाडा मांडा."

ते रागावले असते तर परवडलं असतं. मला इतकी लाज वाटली की मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, शैली वगैरे काही नाही, मला लेन्समधलं कळत नाही. ही गोष्ट मात्र सगळ्यांना लगेच पटली. माग सुरू झाले.

शनिवारी पुन्हा फोटो. लेन्स तीच, दुसरी कुठून आणणार? या वेळी शेठनी आबांना हात धरून शेजारी बसवलं. बाकीचे सगळे मध्ये एकमेकांना चिकटले, कोपऱ्याकडे फिरकायला कोणी तयार नाही. मी फडक्यातून बाहेर आलो, तर आबांनी मागच्या रांगेच्या टोकाकडे बोट दाखवलं.

"आते तठे तुम्ही उभा ऱ्हा."

गेलो, काय करतो? टोपण मॅनेजरसाहेबांनी काढलं.

रविवारी स्टेशनवर फोटो आबांच्या हातात दिला. शेठशेजारी आबा मिशीच्या केसान् केसासकट आलेले. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग कोपऱ्यात माझा शर्ट होता, पाच बटणं आणि वर काळोख, त्यावर बोट टेकवून ते समाधानानं म्हणाले,

"आते मस्टर बरोबर शे."